पाळण्याचं कडं आणि सबनिसांचा हातोडा

अनंत सबनीस या माणसाने उभ्या जन्मात भिंतीत एक खिळा ठोकला नव्हता. लग्नानंतर रेवतीने सासऱ्यांची तसबीर लावायला सांगितली, तर ती तसबीर वर्षभर फ्रिजवर भिंतीला टेकून उभी राहिली, आणि शेवटी केबलवाल्याने जाता जाता टांगून दिली. घरातला बल्ब गेला की हा गृहस्थ बल्बकडे बघून "गेला वाटतं" म्हणायचा आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसायचा. नोकरी विमा कंपनीत, तीही दाव्यांच्या खात्यात. म्हणजे लोकांचं जे काही पडलं, जळलं, बुडलं असेल, ते पंख्याखाली बसून नामंजूर करायचं. हे काम मात्र त्याने अगदी मन लावून केलं. निरोपाच्या दिवशी त्याचे साहेब म्हणाले, की सबनिसांच्या नजरेतून काही सुटत नाही. साहेब बिचारे बोलून गेले, वडापाव खाऊन घरी गेले. पण ते वाक्य सबनिसांच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

असा माणूस निवृत्त झाल्यावर इमारती तपासायला लागला. ऐकून हसू येतं ना? रेवतीलाही आधी हसूच आलं होतं.

मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्याच्या आतल्या गल्लीत त्यांची स्वानंद सोसायटी. चार मजले, लिफ्ट नाही, गच्चीवर पत्रे. सबनीस तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि सोसायटीचे चेअरमन होते. चेअरमन कसे झाले, तर मीटिंगमध्ये बाकीचे सगळे खाली बघत होते आणि हे एकटे वर बघत होते. इमारत जुनी झाली, नियमाप्रमाणे तपासणी करून घ्यायला हवी होती, म्हणून घाटकोपरहून केतन नावाचा एक इंजिनियर बोलावला. पोरगा सरळ होता. दोन बॅगा घेऊन आला, सगळी इमारत फिरला, मीटिंगमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, प्रत्येक घरात दोन-तीन जागी ताटाएवढं प्लास्टर काढावं लागेल. आतलं काँक्रीट उघडं करून, दगडाने घासून, मग त्यावर यंत्रं लावायची. नंतर प्लास्टर पुन्हा करून देऊ.

झालं. जणू काही त्याने प्रत्येकाची किडनी मागितली. कोणी दिवाळीला रंग दिला होता, कोणी छताला पीओपीची नक्षी केली होती, कोणाच्या भिंतीला परदेशी कागद चिकटवलेला. डोक्यावरचा स्लॅब पडला तरी चालेल, पण रंगाचा पोपडा निघता कामा नये, ही आमच्या लोकांची अक्कल. केतन समजावून सांगत होता, की काका, डॉक्टर स्वेटरवरून नाडी बघत नाहीत. त्यावर सबनीस उठले आणि म्हणाले, तुम्ही तपासायला आलात की तोडायला? लोकांनी टाळ्या वाजवल्या. केतनला सांगितलं, आम्ही कळवतो. सोसायटीच्या भाषेत याचा अर्थ काय होतो ते केतनलाही ठाऊक होतं. त्याने बॅगा उचलल्या आणि गेला.

आणि थोड्याच दिवसांत सबनिसांच्या दारात त्यांनीच मागवलेलं हे एवढं मोठं खोकं येऊन पडलं.

त्यातून काय काय निघालं म्हणता? सगळ्यात वर पिवळं हेल्मेट, त्याला पुढे दिवा. खाली रस्त्यावरच्या कामगारांचं असतं तसं चकाकणारं जाकीट. मग तो हातोडा. नावाला हातोडा, दिसायला जाड टॉर्चसारखी नळी. टोक भिंतीला लावून दाबलं की आतलं वजन सुटतं, भिंतीवर आपटून मागे उसळतं, आणि किती उसळलं त्याचा आकडा बाजूच्या पट्टीवर दिसतो. जितकं टणक तितका मोठा आकडा. शिवाय भिंतीतली सळई सापडली की टिंटिं करणारं एक यंत्र, ओल मोजायचं दोन सुयांचं एक, लांब वायरच्या टोकाला बसवलेला कॅमेरा, भेगांची रुंदी मोजायची भिंग लावलेली पट्टी. आणि एक खरखरीत काळा दगड. उघडं काँक्रीट घासायचा तोच तो दगड, केतनने मीटिंगमध्ये दाखवलेला. सबनिसांना त्याचा काही उपयोग दिसेना, म्हणून त्यांनी तो खिडकीत ठेवून दिला. रेवतीने तो बाथरूममध्ये नेला. टाचा घासायला फार छान होता.

ज्या दगडाने सुरुवात करायची तो बाईच्या टाचेला, आणि हे निघाले इमारत तपासायला. सबनिसांची सगळी विद्या इथेच संपते, पण कथा संपत नाही, कारण लोकांना हाच माणूस हवा होता. रंगाचा एक कण पडत नाही, धूळ होत नाही, कोणी मजूर घरात येत नाही. हेल्मेट घालून, जाकीट चढवून चेअरमनसाहेब येतात, हॉलच्या भिंतीला नळी लावतात, टक आवाज होतो, आकडा सांगतात, चहा पितात आणि जातात. काल-परवापर्यंत हाच माणूस जिन्यात दिसला की लोक मोबाईल कानाला लावायचे. आता त्याला घरोघरी बोलावणी यायला लागली. सोसायटीच्या ग्रुपवर आकडे पडायला लागले. आमचा चव्वेचाळीस, तुमचा किती? तळमजल्यावरच्या धवलचा एकोणचाळीस आला, तर बायकोने दोन दिवस तोंड फुगवलं, शेवटी सबनिसांनी पुन्हा जाऊन कडाप्पाच्या ओट्याजवळ टक केलं आणि त्रेपन्न काढून दिले. शाळेतल्या पोरांनी मार्क सांगावेत तसं चाललेलं. आणि आतल्या काँक्रीटला कोणी हातही लावलेला नाही. मोजतायत काय, तर प्लास्टर, पुट्टी आणि गेल्या दिवाळीचा रंग.

रेवतीने हे सगळं बघितलं. ती बँकेत कॅशियर होती, खोटी नोट बोटाला लागली की तिला कळायची, आणि नवऱ्याला तर ती फार वर्षांपासून ओळखत होती. पण ती गप्प बसली. माणूस घरात पायात येत नाही, दुपारभर जिने चढतो उतरतो, रात्री झोपतो. एवढ्यासाठी बायका काय काय चालवून घेतात! चालायचंच, असं तिनेही म्हटलं. खालच्या मजल्यावरचं ते प्रकरण होईपर्यंत.

त्यांच्या बरोबर खाली शकु इंगळे राहते. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स. नवरा दुबईला, घरात ती आणि सासू. सासू सुंदराबाई, मूळच्या हिंगोलीकडच्या, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. त्यांची लोखंडी खाट आतल्या खोलीत खिडकीपाशी, कारण तिथून शाळेचं फाटक दिसतं आणि म्हातारीचा वेळ जातो. आता नेमकं त्या खाटेच्या वर छताला तपकिरी डाग पडला होता. डाग फुगला, फुगून पोट आल्यासारखा खाली उतरला. आणि त्या डागाच्या वर काय? सबनिसांनी आतल्या खोलीत वाढवून घेतलेलं बाथरूम. ज्याच्या निळ्या लाद्या सबनिसांनी स्वतः दुकानात जाऊन पसंत केलेल्या, आयुष्यात स्वतः होऊन केलेली ती एकच गोष्ट.

शकुने वर येऊन सांगितलं, काका, जरा बघता का. काका सगळा सरंजाम घेऊन खाली गेले. रेवतीही गेली. सबनिसांनी खुर्चीवर उभं राहून ओलीचं यंत्र छताला टोचलं, तर ते असं कोकललं की खाटेवरच्या सुंदराबाई दचकल्या. सबनिसांनी बॅटरी बदलली. पुन्हा कोकललं. मग त्यांनी यंत्र पिशवीत ठेवलं, भिंगाने डागाकडे बराच वेळ बघितलं आणि शकुला म्हणाले, की तुमच्याकडे भात फार शिजतो का? वाफ वर जाऊन धरते अशी कधी कधी. रेवतीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. दोन माणसांचा भात, तोही स्वयंपाकघरात, आणि वाफ म्हणे आतल्या खोलीत जाऊन छताला पोट आणते.

मग हातोडा निघाला. डागावर नाही लावला बरं का. डागापासून हातभर लांब, जिथे रंग छान होता तिथे. टक. शेहेचाळीस. सुंदराबाई हे सगळं उताणं पडून बघत होत्या. त्यांनी विचारलं,

"सायब, ह्याला आतलं बी दिसतं का हो?"

"सगळं दिसतं," सबनीस म्हणाले. "निर्धास्त झोपा."

म्हातारीने हात जोडले. शकुने हात जोडले नाहीत. ती जिन्यात रेवतीच्या मागे आली आणि म्हणाली, काकू, माझ्या घरचं प्लास्टर काढा, वाटेल तेवढं काढा, माझी ना नाही. फक्त त्या केतनला एकदा बोलवा. खाट हॉलमध्ये आणायची तर सोफा विकावा लागेल, तोही विकते, पण मला खरं काय ते कळू दे. रेवतीने त्या रात्री जेवताना विषय काढला. सबनीस कोशिंबीर वाढून घेत म्हणाले, एका घरात फोडाफोडी सुरू झाली की सगळीकडे होणार. चेअरमन म्हणून मला ते परवडणार नाही. रेवती म्हणाली, चेअरमन म्हणून की निळ्या लाद्यांचा मालक म्हणून? त्यावर उत्तर आलं, तुला यातलं कळत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि हा पाषाण तर बाथरूममधून गळतही होता.

खरं तर तिने तेव्हाच केतनला फोन लावायचा. पण घरात श्रुतिका आली होती. त्यांची एकुलती लेक, बाळंतपणाला बोरिवलीहून माहेरी आलेली. दिवस भरले, मुलगी झाली. गोरीपान, रडायला खणखणीत. मग कसलं प्लास्टर आणि कसलं काय, घरात धुरी, शेक, डिंकाचे लाडू. शकु रोज ड्यूटीवरून येताना वर डोकावून बाळाचं वजन बघून जायची.

बारशाचं ठरलं, आणि सबनिसांच्या अंगात आलं. त्यांच्या आतल्या खोलीत छताला एक लोखंडी कडं आहे. इमारत बांधतानाच स्लॅबमध्ये बसवलेलं, तेव्हा सगळ्या घरांत बसवायचे. श्रुतिकाचा पाळणा त्याच कड्याला टांगला होता. आता नातीचाही तिथेच टांगायचा, असा सबनिसांचा हट्ट. रेवती म्हणाली, स्टँडचा पाळणा भाड्याने मिळतो, फुलं लावून आणून देतात. कारण कोळिष्टकं काढताना तिने कड्याला झाडू लावला होता, तर तिच्या पदरावर गंजाचा चुरा आणि नखाएवढे प्लास्टरचे तुकडे पडले होते. कड्याच्या मुळाशी गोल फुगवटा होता, खालच्या सुंदराबाईंच्या छताला होता तसाच, फक्त लहान. तिने नवऱ्याला तो चुरा हातावर घेऊन दाखवला.

सबनिसांनी स्टूल मागवलं. स्वतः चढले, हे कबूल करायला हवं. नळी वर धरून टक केलं. पन्नास! त्यांच्या डोळ्यात थोडी रेती गेली, ती त्यांनी रुमालाने काढली. खाली उतरून म्हणाले, पाळण्याचं सोड, या कड्याला हत्ती बांधला तरी हलणार नाही. आणि लगेच कड्याचा फोटो ग्रुपवर. खाली लिहिलं, "पाळण्याचे कडे तपासले. निकाल उत्तम." पटापट अंगठे आले, हात जोडलेले आले, धवलने फुगे पाठवले. रेवतीने विचार केला, मीच चुकत असेन कदाचित. एवढी यंत्रं आहेत, एवढे लोक मान हलवतात. माणूस गाढवाला रोज घोडा म्हणताना ऐकतो, तेव्हा एक दिवस त्यालाही खोगीर शोधावंसं वाटतं. तिने माळ्यावरून पाळणा काढला आणि पुसून ठेवला.

बारशाला इमारतीतल्या सगळ्या बायका आल्या. आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पाळणा जाड दोरीने कड्याला टांगलेला, झेंडूच्या माळा, खाली रांगोळी. शकु झबलं-टोपडं घेऊन आली होती. सासूला जेवू घालून, झोपवून आलेली. सबनीस दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकीला कड्याचा आकडा सांगत होते. बायका हो हो म्हणत आत सरकत होत्या.

आपल्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला कुंची घालायची, काजळाची तीट लावायची, आणि बाळाच्या आधी तो निजवायचा. का घालतात ते कोणी विचारत नाही. रेवतीने सजवलेला वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि पाळण्यात ठेवला. दोरी ताणली. कड्यापाशी बारीक करकर झाली, आणि वरून तांबूस भुकटी झरझर खाली आली, वरवंट्याच्या कुंचीवर, गादीवर, रेवतीच्या मनगटावर. फार नाही, चिमूटभर. श्रुतिका बाळ घेऊन पुढे आलीच होती. रेवतीने हात आडवा धरला.

तिने वरवंटा उचलून पाटावर ठेवला. पाळण्याची गाठ सोडली, पाळणा बाजूला काढला. नुसती दोरी कड्याला लोंबत राहिली. मग तिने दाराकडे बघितलं.

"अहो, इकडे या. ही दोरी धरा आणि पाय उचला."

सबनीस हसले. म्हणाले, बायकांच्या कार्यक्रमात माझं काय काम. रेवती हसली नाही.

"हत्ती म्हणाला होतात ना? मग तुम्ही तर सहज. दोन क्षण लोंबकळा, मग माझी नात त्यात घालते."

बायकांना मजा वाटली. कोणी म्हणालं, या ना काका, उखाणा पण घ्या. सबनीस पुढे आले. दोरी हातात धरली. वर बघितलं. तो फुगवटा बरोबर त्यांच्या डोक्यावर, आणि त्यातून एक तांबडी रेघ बाहेर आलेली. ज्या माणसाच्या नजरेतून म्हणे काही सुटत नाही, त्याने आज पहिल्यांदा ते कडं खरोखर बघितलं असावं. ते तसेच वर बघत उभे राहिले. पाय काही उचलले नाहीत. मग दोरी सोडली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"थांब जरा. हेल्मेट घालून येतो."

खोलीत कोणी हसलं नाही. श्रुतिकाने बाळ छातीशी घेतलं आणि ती मागे सरकली, तशा बायकाही भिंतीकडे सरकल्या. मध्ये रिकामी जागा झाली आणि त्यात ती दोरी. शकु उठून उभी राहिली. तिने हातातली घुगऱ्यांची वाटी खिडकीत ठेवली.

"काका," ती म्हणाली, "माझ्या सासूला हेल्मेट नव्हतं दिलंत तुम्ही."

एवढंच बोलली आणि जिन्याकडे गेली. चप्पल घातली नाही. रेवती तिच्यामागे निघाली, तिच्यामागे बाकीच्या. नऊवाऱ्या, पैठण्या, गजरे, सगळ्या खाली. खाली जाऊन पाहतात तर सुंदराबाई जाग्या होत्या, फाटकाकडे बघत पडलेल्या, छातीवरच्या पांघरुणावर पांढरा चुरा. त्या म्हणाल्या, वर लई गलबला चालू हाय, नाव ठेवलं का पोरीचं? बायकांनी सोफा उभा करून भिंतीला लावला, खाट म्हातारीसकट उचलली आणि हॉलमध्ये आणली. रेवतीच्या हातात पायथ्याकडचा एक पाय होता. हॉलच्या खिडकीतून शाळेचं फाटक दिसत नाही, ही सुंदराबाईंची एकच तक्रार.

बारसं तिथेच झालं, सुंदराबाईंच्या खाटेशेजारी. चौघींनी शालीची चार टोकं धरली, त्या झोळीत बाळ घातलं आणि हलवलं. नाव ठेवलं इरावती. सुंदराबाईंनी पडल्या पडल्या तिच्या पायाला हात लावला. बाळाने या सगळ्यात एकदाही रडून दाखवलं नाही.

रेवतीने तिथूनच केतनला फोन केला. तो म्हणाला, उद्या सकाळी येतो, त्या दोन्ही खोल्यांत कोणाला झोपू देऊ नका. चेअरमनची परवानगी लागेल, असंही म्हणाला. रेवतीने सांगितलं, मिळाली.

ती वर आली तेव्हा घर रिकामं होतं. झेंडूची माळ विस्कटलेली, रांगोळीवर पावलं. सबनीस आतल्या खोलीच्या दारात उभे होते, आत नाही, उंबऱ्याच्या अलीकडे. डोक्यावर हेल्मेट होतं आणि दिवा लागलेला. तिने त्यांना सांगितलं, की उद्या केतन येतोय. खालचं छत उघडणार, हे कडं उघडणार, आणि बाथरूमही फोडणार. बाथरूममधून तो काळा दगड आणून ठेवा, त्याला लागेल.

सबनिसांनी मान हलवली. एवढं सगळं झाल्यावर या माणसाला काहीतरी सुचेल, सुंदराबाई कशा आहेत ते तरी विचारेल, असं तिला क्षणभर वाटलं. बायकोचं मन, दुसरं काय. ते जरा घुटमळले, हेल्मेटचा पट्टा सैल केला आणि म्हणाले,

"रेवती, निळ्या लाद्या अख्ख्या निघतील का गं?"